सेल्फ फिरतोय, पण गाडी का सुरू होत नाही? किल्लीतली चिप आणि गाडी चालू करण्याची रीत

सेकंडहँड हॅचबॅक घेऊन जेमतेम चार दिवस झाले होते. साताऱ्यात पोवई नाक्याजवळ चहाला थांबलो, परत येऊन किल्ली फिरवली. सेल्फ फिरला, इंजिन सेकंदभर गुरगुरलं आणि बसलं. पुन्हा फिरवली, पुन्हा तेच. मीटरमध्ये किल्लीचं चित्र असलेला एक बारका दिवा लुकलुकत होता, पण मला त्याचं काय सोयरसुतक? टपरीवरचे चौघे मदतीला धावले. ‘साहेब, सेकंडला टाका, आम्ही धक्का मारतो.’ उतार लागेपर्यंत त्यांनी गाडी ढकलली, घामाघूम झाले, गाडी ढिम्म. शेवटी पलीकडच्या गॅरेजातला एक वयस्कर मेकॅनिक कापडाला हात पुसत आला. त्यानं बॉनेट उघडलंच नाही. माझ्या हातातल्या जुडग्याकडे बघून म्हणाला, ‘दोन्ही किल्ल्या एकाच रिंगमध्ये?’

मालकाने दिलेल्या दोन्ही किल्ल्या मी तशाच एका रिंगमध्ये ठेवल्या होत्या. त्यानं एक काढून माझ्या खिशात टाकली, दुसरी फिरवली, आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू. पैसे घेतले नाहीत, चहा मात्र घेतला.

त्या दिवशी कळलं की ‘गाडी सुरू होत नाही’ हे एक वाक्य असलं तरी त्यात तीन वेगवेगळे प्रश्न आहेत. इंजिन फिरवायला ताकद आहे का? म्हणजे बॅटरी आणि सेल्फ. इंजिनाला चालायची परवानगी मिळाली का? म्हणजे किल्ली आणि इमोबिलायझर, ओळखीच्या किल्लीशिवाय इंजिन चालू न देणारी यंत्रणा. आणि तिसरा, पेट्रोल-डिझेल आणि हवा नीट पोचतेय का? आपण बहुतेक जण पहिल्या प्रश्नाचं उत्तर तिसऱ्याला देतो आणि दुसरा प्रश्न आहे हेच विसरतो. म्हणून आधी किल्लीपासून सुरुवात करू.

किल्लीच्या प्लास्टिकमध्ये काय दडलंय

साधारण गेल्या वीस-पंचवीस वर्षांतल्या बहुतेक मोटारींच्या किल्लीत तीन गोष्टी एकत्र असू शकतात आणि त्या तिन्हींचा एकमेकींशी फारसा संबंध नाही. एक, धातूचं पातं. ते दार उघडतं आणि इग्निशनचं कुलूप फिरवतं. दोन, रिमोट. म्हणजे लॉक-अनलॉकची बटणं, त्यांना लागणारा नाण्याएवढा सेल, आणि लहरी पाठवणारं सर्किट. तीन, ट्रान्सपाँडर चिप. तांदळाच्या दाण्याएवढी काचेची नळी किंवा काळा चौकोनी खडा, एवढीच. बऱ्याच किल्ल्यांत तिला सेल लागत नाही.

लोकांचा गोंधळ इथेच होतो. रिमोटचा सेल संपला की ‘किल्ली मेली, आता गाडी सुरू होणार नाही’ असं वाटतं. तसं नसतं. पात्याने दार उघडा, किल्ली घाला, फिरवा. साध्या किल्लीची गाडी सुरू होईल, कारण चिपला वीज गाडीच पुरवते. इग्निशनच्या कुलपाभोवती तांब्याच्या तारेची कडी बसवलेली असते. किल्ली फिरवून ‘ऑन’ला आणली की ती कडी साधारण १२५ किलोहर्ट्झच्या लहरी सोडते, त्यातूनच चिप जागी होते आणि आपली ओळख सांगते. मेट्रोचं कार्ड यंत्राला टेकवतो तसाच हा प्रकार, फक्त अंतर आणखी कमी.

सुरुवातीच्या काळातल्या चिप नुसता एक ठरलेला क्रमांक सांगायच्या. आताच्या गाड्यांत देवाणघेवाण होते: गाडी दरवेळी नवा आकडा विचारते, चिप आपल्या गुपिताने त्याचं उत्तर काढून पाठवते, आणि उत्तर जुळलं तरच इंजिनाचा संगणक इंधन सोडतो. हे सगळं सेकंदाच्या आत. उत्तर जुळलं नाही तर काही गाड्यांत सेल्फ फिरतच नाही, काहींत फिरतो पण इंजिन पेटत नाही, आणि काहींत इंजिन क्षणभर पेटून बंद पडतं. माझी गाडी तिसऱ्या जातीची; रिंगमधली दुसरी चिप मधे आली आणि कडीला पहिलीचं उत्तर नीट वाचता आलं नाही. मारुतीवाले या यंत्रणेला ‘आयकॅट्स’ म्हणतात, बाकीचे नुसतं इमोबिलायझर. काम तेच.

ही कल्पना काही कालची नाही. अमेरिकेत जनरल मोटर्सने १९८६ च्या कॉर्व्हेटमध्ये किल्लीच्या पात्यातच विजेचा एक रोधक (रेझिस्टर) बसवला होता. रोधाच्या पंधरा वेगवेगळ्या मूल्यांपैकी नेमकं हवं ते असेल तरच गाडी सुरू व्हायची. पंधराच पर्याय म्हटल्यावर चोरालाही फार डोकं लावायची गरज नव्हती, पण सुरुवात झाली. पुढे युरोपात १९९८ पासून नव्या मोटारींना इमोबिलायझर सक्तीचा झाला. कॅनडाने सप्टेंबर २००७ पासून तेच केलं.

कायद्याने काय फरक पडतो हे अमेरिकेत दिसलं. तिथे अशी सक्ती नव्हती, म्हणून ह्युंदाई आणि किया या कंपन्यांच्या २०११ ते २०२२ दरम्यानच्या किल्लीने चालू होणाऱ्या कितीतरी स्वस्त मॉडेलांत इमोबिलायझर बसवलाच नव्हता. २०२१-२२ मध्ये समाजमाध्यमांवरच्या व्हिडिओंमुळे ही गोष्ट पोरांना कळली आणि अशा गाड्या रस्त्यांवरून सर्रास पळवल्या जाऊ लागल्या. फेब्रुवारी २०२३ मध्ये कंपन्यांनी सुमारे ८३ लाख गाड्यांसाठी मोफत सॉफ्टवेअर सुधारणा जाहीर केली. त्याच कंपन्यांच्या कॅनडात विकलेल्या गाड्यांना मात्र ही झळ तशी लागली नाही. तांदळाच्या दाण्याएवढ्या चिपची ही किंमत.

किल्लीची गाडी: बसल्यापासून निघेपर्यंत

आता प्रत्यक्ष रीत. आधी गाडीभोवती एक फेरी मारा. हा सल्ला ड्रायव्हिंग स्कूलवाले सगळेच देतात आणि कोणीच पाळत नाही. तरी टायर, खाली पडलेलं तेल-पाणी, मागे खेळणारं पोर किंवा चाकाशी झोपलेलं कुत्रं यासाठी अर्धा मिनिट घालवाच. थंडीत आणि पावसात बॉनेटवर दोन थापा मारायची सवय लावा. गरम इंजिनाच्या उबेला मांजर आत शिरून बसतं आणि सेल्फ फिरला की पट्ट्यात सापडतं. ते दृश्य एकदा पाहिलेला माणूस थापा मारायला पुन्हा कधी विसरत नाही.

आत बसल्यावर सीट, आरसे, बेल्ट. हँडब्रेक ओढलेला आहे याची खात्री. क्लच पूर्ण दाबा आणि गिअर न्यूट्रलला आणून डावी-उजवीकडे हलवून बघा. बऱ्याच नव्या गाड्यांत क्लच दाबल्याशिवाय सेल्फ लागतच नाही; ज्यांत लागतो, त्यांत गिअरमध्ये राहिलेली गाडी सेल्फच्या ताकदीने उडी मारते. बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये समोरच्या भिंतीला ठोकलेल्या गाड्यांची कहाणी बहुधा हीच असते.

किल्ली घातली आणि फिरत नाही? जोर लावू नका. किल्ली काढून ठेवल्यावर स्टिअरिंग थोडं फिरलं की ‘खट्’ आवाज होऊन ते जाम होतं. हेही चोरीविरुद्धचंच कुलूप आहे, चिपच्या कितीतरी आधीचं. चाक रस्त्याच्या कडेला टेकलेलं असेल तर त्या कुलपावर ताण येतो. एका हाताने स्टिअरिंग जिकडे किंचित हलतंय तिकडे दाब द्या आणि दुसऱ्या हाताने किल्ली हळूच फिरवा. बरोबर दिशेला दाब पडला की किल्ली लोण्यासारखी फिरते. पाना-पक्कड घेऊन किल्ली पिळणारे लोक मी पाहिलेत. पातं तुटून आत राहिलं की मग पूर्ण कुलूप बदला.

किल्लीच्या चार जागा असतात: लॉक, एसीसी (रेडिओ वगैरेपुरती वीज), ऑन, स्टार्ट. एकदम शेवटापर्यंत फिरवण्याची घाई करू नका. ऑनला थांबा. इथे दोन-तीन सेकंदांत बरंच काही घडतं. पेट्रोल गाडीत मागच्या सीटखालून बारीक ‘झूंऽऽ’ ऐकू येतं, तो इंधनाचा पंप. मीटरमधले दिवे एकदम लागतात: तेलाचं कमंडलू, बॅटरी, इंजिन, एअरबॅग, किल्लीचं चित्र. एअरबॅग आणि किल्लीचा दिवा काही सेकंदांत विझायला हवा. तेल, बॅटरी आणि इंजिनाचा दिवा इंजिन सुरू झाल्यावर. यातला एखादा दिवा ऑनला लागलाच नाही, तर तो ‘सगळं ठीक’चा निरोप नाही, दिवाच गेलेला असू शकतो.

डिझेल गाडीत स्प्रिंगसारखं पिळलेलं एक चित्र लागतं. ते ग्लो प्लगचं, म्हणजे सुरू होण्याआधी सिलिंडर आतून तापवणाऱ्या प्लगचं. ते विझेपर्यंत थांबा, मग सेल्फ द्या. महाबळेश्वरच्या जानेवारीत याचा फरक लगेच कळतो, चिपळूणच्या मे महिन्यात कळतही नाही.

आता स्टार्ट. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत रेस द्यायची नसते, चोकचे दिवस गेले. पाय क्लचवर, दुसरा ब्रेकवर. सेल्फ दोन-तीन सेकंदांत घेतला तर उत्तम. नाही घेतला तर पाच, फार तर दहा सेकंदांवर थांबा आणि पुन्हा प्रयत्न करण्याआधी अर्धा मिनिट जाऊ द्या. सेल्फची मोटर प्रचंड वीज ओढते आणि तापते; सलग दाबून धरली की आधी बॅटरी आणि मग मोटर, दोन्ही घालवून बसाल. इंजिन सुरू होताच किल्ली सोडा. चालू इंजिनावर पुन्हा सेल्फ मारला की जो करकरीत आवाज येतो, तो सेल्फच्या चाकाचे दात घासल्याचा असतो.

तेलाचा लाल दिवा सुरू झाल्यावर दोन-तीन सेकंदांत गेला नाही तर इंजिन लगेच बंद. त्यात ‘गॅरेजपर्यंत नेऊ’ नाही. बॅटरीचा लाल दिवा तसाच राहिला तर आल्टरनेटर, म्हणजे इंजिनाच्या पट्ट्यावर फिरून वीज बनवणारं यंत्र, चार्ज करत नाही. गाडी थोडं अंतर जाईल, पण कुठे बंद पडेल ते तीच ठरवेल. काही गाड्यांत त्याच पट्ट्यावर पाण्याचा पंपही असतो, तेव्हा तापमानाच्या काट्यावर डोळा ठेवा.

सकाळी पाच मिनिटं गाडी जागेवर घुरघुरत ठेवायची पद्धत कार्ब्युरेटरच्या काळातली. अर्धा मिनिट पुरतं, मग पहिला किलोमीटर-दीड किलोमीटर जोरात न मारता चालवा. बंद गॅरेजमध्ये किंवा तळघरात तर इंजिन चालू ठेवूच नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

आणि एक: ‘दोन मिनिटांत दूध घेऊन येतो’ म्हणून गाडी चालू ठेवून उतरू नका. इमोबिलायझर, अलार्म, स्टिअरिंगचं कुलूप, सगळ्यांची मेहनत तुम्ही त्या दोन मिनिटांत पाण्यात घालता. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १२६ प्रमाणेही चालकाच्या जागी परवानाधारक माणूस नसताना इंजिन बंद आणि ब्रेक लावलेला असायला हवा.

चालत्या गाडीत, उतारावर पेट्रोल वाचवायला किल्ली बंद करणारे अजून आहेत. ते दोन-तीनदा ब्रेक दाबून बघतात आणि मग पेडल दगडासारखं होतं, कारण ब्रेकला जोर देणारा व्हॅक्यूम इंजिन बंद झाल्यावर तेवढाच उरतो. पॉवर स्टिअरिंगही जड होतं. किल्ली लॉकपर्यंत मागे गेली तर स्टिअरिंग जाम व्हायची भीती वेगळीच. खंबाटकी घाटात हा प्रयोग नको.

बटणाची गाडी

स्मार्ट की खिशात असते, गाडी ती जवळ असल्याचं ओळखते. ऑटोमॅटिकला पाय ब्रेकवर, मॅन्युअलला क्लचवर, गिअर पी (पार्क) किंवा न्यूट्रलला, मग बटण. पाय न ठेवता बटण दाबलं की फक्त एसीसी आणि ऑन लागतं, इंजिन नाही. नव्या गाडीच्या मालकांचे ‘गाडी सुरूच होत नाही’चे अर्धे फोन इथलेच असावेत असा माझा संशय आहे.

स्मार्ट कीला मात्र सेल लागतो, बहुधा सीआर २०३२, तीन व्होल्टचा. तो उतरला की मीटरमध्ये ‘की नॉट डिटेक्टेड’ असा संदेश येतो आणि माणूस घाबरतो. घाबरायचं काही नाही. फोबच्या, म्हणजे या स्मार्ट कीच्या, कडेला एक खटका असतो, तो सरकवला की आतून धातूची छोटी किल्ली निघते. ड्रायव्हरच्या दाराचं कुलूप काही गाड्यांत झाकणाखाली लपवलेलं असतं. घरी असतानाच एकदा शोधून ठेवा, रात्री पावसात शोधू नका. आत बसल्यावर फोब स्टार्टच्या बटणाला टेकवा आणि ब्रेक दाबून बटण दाबा. काही कंपन्यांच्या गाड्यांत फोबनेच बटण दाबायचं असतं, काहींत फोब ठेवायची खाच कन्सोलमध्ये असते. फोबमध्येही सेलशिवाय चालणारी चिप असते, ती या वेळी कामाला येते.

किल्लीने दार उघडल्यावर गाडी बोंबलायला लागली तरी दचकू नका. रिमोटने लॉक केलेली गाडी पात्याने उघडली की बऱ्याच गाड्यांचा अलार्म त्याला घरफोडी समजतो. चिप ओळखली गेली की तो शांत होतो.

चालत्या गाडीत इंजिन बंद करायचीच वेळ आली, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर अडकला वगैरे, तर आधी न्यूट्रल आणि मग बटण सुमारे तीन सेकंद दाबून धरा किंवा भराभर तीनदा दाबा. नुसतं एकदा दाबून इंजिन बंद होत नाही, ते मुद्दामच तसं केलेलं असतं. आणि बटणाच्या गाडीचं इंजिन इतकं शांत असतं की चालू ठेवून माणूस खाली उतरून घरात जातो. बहुतेक गाड्या बीप करतात. ती बीप दुर्लक्षायची नसते.

या सोयीचा एक तोटाही आहे. घरात दाराजवळच्या खुंटीवर टांगलेल्या फोबच्या लहरी उपकरणांनी लांबवून गाडीला ‘मालक जवळच आहे’ असं भासवण्याचा प्रकार जगभर झाला आहे. उपाय स्वस्त आहे: फोब दारापासून दूर, झाकणाच्या धातूच्या डब्यात. डबा चालतो का ते तपासायलाही सोपं आहे. फोब डब्यात टाका, डबा हातात घेऊन गाडीच्या दाराशी उभे राहा आणि हँडल ओढून बघा. उघडलं तर दुसरा डबा.

सुरू होत नाही: आधी ऐका, मग बघा

बॉनेट उघडण्याआधी हेडलाइट लावा आणि सेल्फ मारा. एवढ्या एका चाचणीत निम्मा निकाल लागतो.

*टकटकटकटक* आवाज आणि लाइट मंदावतात: बॅटरी बसली आहे, किंवा टर्मिनल सैल आहे, किंवा त्यावर पांढरी-हिरवी पावडर साचली आहे. टर्मिनल हाताने हलवून बघा. हललं तर दोष तिथेच. मल्टिमीटर असेल तर रात्रभर उभ्या गाडीच्या भरलेल्या बॅटरीवर सुमारे १२.६ व्होल्ट दिसायला हवेत. १२.२ म्हणजे निम्मी. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ च्या दरम्यान.

एकच *टक्* आणि लाइट लख्ख: बॅटरी ठीक, सेल्फ किंवा त्याचा सोलेनॉइड (सेल्फला वीज जोडणारा खटका) अडकला आहे. हे मेकॅनिकचं काम.

काहीच आवाज नाही, लाइट लख्ख: क्लच पूर्ण दाबला का? ऑटोमॅटिकचा लिव्हर पीमध्ये नीट बसला का? एकदा न्यूट्रलला नेऊन बघा. काही गाड्यांत किल्ली न ओळखल्याचंही हेच लक्षण असतं.

सेल्फ जोरात फिरतो पण इंजिन पकडत नाही, किंवा पकडून लगेच सोडतं: आता किल्लीच्या दिव्याकडे बघा. तो लुकलुकत असेल तर प्रश्न परवानगीचा आहे. गाडी लॉक करून उभी असताना डॅशबोर्डवर लुकलुकणारा लाल ठिपका वेगळा; तो पहारेकरी आहे, त्याचं काम चालू आहे. पण किल्ली ऑनला असताना लुकलुकणारा दिवा म्हणजे चिप वाचता आली नाही. दिव्यांचे अर्थ कंपनीगणिक बदलतात, तेव्हा मॅन्युअलचं ते पान फोनमध्ये फोटो काढून ठेवा.

मग काय करायचं? किल्ली पूर्ण बाहेर काढा. रिंगमधून सोडवा. दुसरी चिपवाली किल्ली, दुसऱ्या गाडीची असली तरी, आणि धातूचे जाड कीचेन बाजूला. कुलपाच्या आसपास फोन किंवा चार्जर असेल तर तोही. दहा-पंधरा सेकंदांनी एकटी किल्ली घालून ऑनला आणा. दिवा विझला की सेल्फ. तरी नाही झालं तर दुसरी मूळ किल्ली आणून बघा. तिने सुरू झाली तर दोष पहिल्या किल्लीत. दोन्हींनी नाही तर कुलपाभोवतीची कडी, तिचं वायरिंग किंवा संगणक, आणि मग गाडी टो करून नेण्याला पर्याय नाही.

इथे धक्का मारून काही उपयोग नाही, हे साताऱ्याच्या त्या चौघांची माफी मागून सांगतो. धक्क्याने इंजिन फिरतं, पण परवानगी मिळत नाही. इंधन तोडलेलं असतं. धक्का फक्त बसलेल्या बॅटरीवर चालतो, आणि तोही मॅन्युअल गाडीत. मीटरचे दिवेही लागत नसतील, बॅटरी इतकी मेलेली असेल, तर तिथेही नाही, कारण इंधनाच्या पंपाला आणि संगणकाला थोडी तरी वीज हवी.

दिवा विझलाय, सेल्फ फिरतोय, ऑनला पंपाचा ‘झूं’ मात्र ऐकू आला नाही, तर फ्यूज किंवा पंप. आणि हो, काटा शून्यावर आहे का तेही बघा. हसू नका.

बॅटरी काढली तर किल्लीचं कोड पुसलं जाईल, ही भीती मात्र सोडा. ती नोंद वीज गेली तरी राहते. फार तर म्युझिक सिस्टीम कोड मागेल आणि खिडकीची आपोआप वर जाण्याची सोय पुन्हा लावावी लागेल.

दुसऱ्या गाडीची वीज घेताना

दोन्ही गाड्या बंद, एकमेकींना टेकलेल्या नाहीत, दोन्ही १२ व्होल्टच्या. लाल केबल आधी बसलेल्या बॅटरीच्या अधिक टोकाला, तिचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या अधिकला. काळी केबल चांगल्या बॅटरीच्या वजा टोकाला, आणि शेवटचं टोक बसलेल्या गाडीच्या इंजिनाच्या रंग नसलेल्या धातूला, बॅटरीपासून लांब. शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो, म्हणून ती बॅटरीवर उडू द्यायची नाही. चांगली गाडी तीन-चार मिनिटं चालू ठेवा, मग दुसरी सुरू करा. केबल काढताना बरोबर उलटा क्रम. लाल-काळा उलटा लावला तर एका क्षणात संगणक जळू शकतो, आणि नवा संगणक म्हणजे किल्ल्यांची पुन्हा ओळखपरेड.

पाणी शिरलं असेल तर किल्ली खिशातच ठेवा

२६ जुलै २००५ ची मुंबई, २०१९ चं सांगली-कोल्हापूर, २०२१ चं चिपळूण: पाणी ओसरल्यावर पहिला मोह होतो ‘बघू तरी सुरू होते का’. तो मोहच महागात पडतो. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर आला की कनेक्टिंग रॉड वाकतो. पाणी चढलं तेवढ्याने कदाचित वाचलं असतं ते इंजिन, तुमच्या एका सेल्फने जातं. विम्याच्या साध्या पॉलिसीत असं नुकसान अनेकदा बसत नाही, त्यासाठी ‘इंजिन प्रोटेक्ट’ वेगळं घ्यावं लागतं. पाणी सीटपर्यंत आलं असेल तर किल्ली ऑनलाही आणू नका. हात पोचत असेल तर बॅटरीचं वजा टोक सोडवा, फोटो काढा, गाडी टो करून न्या.

किल्ल्यांचा संसार

मुंबईकडे चावी, आमच्याकडे किल्ली. पण फुटपाथवरच्या चावीवाल्याने कानसून दिलेल्या पात्याने फक्त दार उघडतं. चिप नसली तर गाडी सुरू होत नाही. चिपसह डुप्लिकेट बनवणारेही आहेत. मूळ किल्ली आणि गाडी त्यांच्या ताब्यात किती वेळ राहते, आणि गाडीच्या यादीत एकूण किती किल्ल्या नोंदल्या गेल्या, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. माझं मत विचाराल तर महाग पडली तरी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधूनच करून घ्या.

किल्लीचं कव्हर फाटलं म्हणून ऑनलाइन छान फ्लिप किल्ली मागवणाऱ्यांना एक सूचना. जुनं कव्हर कचऱ्यात टाकण्याआधी ते उजेडात धरून आत बघा. बऱ्याच किल्ल्यांत चिप रिमोटच्या सर्किटवर नसते, कव्हरच्या कोपऱ्यात डिंकाने चिकटवलेला काळा खडा असतो. एका मित्राने सर्किट बदललं, बटणं चालली, दारं उघडली, आणि गाडी सुरू होईना. चिप घंटागाडीतून गेली होती.

बाहेरून रिमोट स्टार्ट किंवा अलार्म बसवताना काही फिटर चिपवाली एक किल्ली डॅशबोर्डखाली कायमची बांधून टाकतात, म्हणजे त्यांच्या यंत्राला परवानगीची कटकट नको. याचा अर्थ तुम्ही किल्ली गाडीतच ठेवून फिरता. फिटरला आधीच नाही म्हणा. पुण्याच्या एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेने मान्य केलेलं चोरीविरोधी उपकरण बसवलं तर विम्याच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात अडीच टक्के, जास्तीत जास्त ५०० रुपये, अशी सवलत मोटार टॅरिफमध्ये, म्हणजे विम्याच्या जुन्या दरनियमावलीत, ठरलेली होती; पावती आणि प्रमाणपत्र मागून घ्या.

सेकंडहँड गाडी घेताना आरसी, विमा, सर्व्हिसची नोंद सगळे बघतात. किल्ल्यांकडे लक्ष द्या: दोन्ही आहेत का, आणि दोन्हींनी, एकेक करून, गाडी प्रत्यक्ष सुरू होते का. धातूचा बारका बिल्ला आणि त्यावर कोरलेला किल्लीचा नंबर मिळाला तर तो गाडीत ठेवू नका, घरी कागदपत्रांत ठेवा. शक्य असेल तर सर्व्हिस सेंटरला नेऊन जुन्या नोंदी पुसून तुमच्या हातातल्या दोनच किल्ल्या पुन्हा शिकवून घ्या. आधीच्या मालकाच्या पुतण्याकडे तिसरी असेल तर ती मग नुसतं पातं राहते.

किल्ली हरवली तर पोलिसांत गहाळ वस्तूची नोंद करा, त्याची प्रत जपा आणि हरवलेल्या किल्लीची नोंद गाडीतून पुसून घ्या. कारण गाडीच चोरीला गेली तर विमा कंपनी एफआयआर आणि आरसीबरोबर सगळ्या मूळ किल्ल्या मागते. एकच दिली की ‘दुसरी कुठे’ हा प्रश्न येणारच, आणि तिचं उत्तर कागदावर असलेलं बरं. किल्ली गाडीत विसरून गाडी गेली असेल तर निष्काळजीपणा म्हणून दावा कापला किंवा नाकारलाही जाऊ शकतो. चोरी लक्षात येताच ११२, मग ठाणे, मग विमा कंपनी, त्याच दिवशी.

माझी दुसरी किल्ली आता घरी बिस्किटाच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात असते, आणि दर दोन-तीन महिन्यांनी एका रविवारी मी तिनेच गाडी काढतो. कुलूप आणि चिप दोन्ही चालू आहेत ना, एवढं बघायला.